चित्र, वर्णन नाही

शेवटच्या साध्या दिवशी आई माझ्यावर चिडली होती, आणि कारण होतं बाग.

खरी बाग नव्हे, आमच्या इमारतीच्या वेबसाइटवर टाकायचा बागेचा फोटो. ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी त्याच्यामागे शब्दांत वर्णन लिहून ठेवायचं असतं, आणि त्यांचा फोन ते वाचून दाखवतो. मी वर्णन लिहिलं होतं, ‘बाग’.

“बाग म्हणजे?” आई म्हणाली. “केवढी? कुठली? आत काय आहे?”

“झाडं आहेत गं. बागेत झाडंच असतात.”

“एक्सचेंजमध्ये मी कुणाला ‘तुमच्यासाठी माणसाचा फोन आहे’ असं सांगितलं असतं, तर चाललं असतं?”

आईनं नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. निवृत्त होऊनही ती दाराशी आलेल्या माणसाला नुसतं ‘थांबा’ कधी म्हणाली नाही. ‘थांबा, जोडते,’ म्हणायची. दुधवाल्याला कशाशी जोडणार होती, देव जाणे, पण तो थांबायचा.

डोळे नंतर गेले. सावकाश गेले, काचेवर वाफ धरावी तसे. ते पुरते गेले तेव्हा आईनं त्याचा फार गाजावाजा केला नाही, फोन शिकून घेतला. त्या फोनात एक बाई असते. आपण जिथे बोट ठेवू तिथलं ती वाचून दाखवते. आईनं तिचा वेग इतका वाढवला होता की बाकीच्यांना ताटात धान्य ओतल्यासारखा नुसता आवाज यायचा. आईला त्यातला शब्द न् शब्द कळे. मला, इतक्या वर्षांच्या सहवासानं, निम्मा. शिवाय फोनचा पडदा तिनं कायमचा काळा करून ठेवला होता. “मला उजेड कशाला? उगाच बॅटरी खातो.” त्यामुळे तो फोन बघावा तेव्हा विझलेला दिसायचा आणि असायचा जागा. आधी बारीक ‘टक्’ असा आवाज, श्वास घेतल्यासारखा, आणि मग बाई सुरू.

वेबसाइटचं लचांड माझ्या गळ्यात कसं आलं, ते थोडक्यात सांगते. रहिवासी संघाच्या बैठकीत आई म्हणाली की तळमजल्यावरच्या फळ्यावरच्या सूचना तिला वाचता येत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, “त्या कुणीच वाचत नाही.” हे त्यांनी समजूत घालण्यासाठी म्हटलं. मग इमारतीची वेबसाइट करावी असं निघालं, आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. मी ग्रंथालयात पुस्तकांची सूची करते. पुस्तकं नीट लावणाऱ्या बाईला वेबसाइटही लावता येईल, असा सगळ्यांचा समज झाला. तो खोडून काढायची माझीच हिंमत झाली नाही.

अध्यक्षांचे जावई व्यवसायानं डिझायनर. अत्तराच्या कंपन्यांच्या वेबसाइट करतात. अध्यक्ष म्हणाले, “आतलं तुम्ही बघा, देखणेपण जावईबापू बघतील.” जावयांनी पहिला नमुना आणला तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत आठ-दहा माणसं संगणकाला खेटून बसली होती. पांढऱ्या पानावर अगदी फिकट करडी, केसासारखी बारीक अक्षरं.

“अक्षरांनी श्वास घेतला पाहिजे,” जावई म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेवटी तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “छान आहे. आता यावर लिहायचं कधी?”

आई खुर्चीत बसून ऐकत होती. ती म्हणाली, “मला दिसत नाही हे ठीक आहे हो. पण डोळस माणसांची ही काय दशा? उपाशी ठेवलंय का अक्षरांना?”

जावयांना राग आला नाही. मला वाटतं, त्यांच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं. अक्षरं त्यांनी काळी आणि जाड केली, पण पहिल्या पानावर आपोआप सरकणारे फोटो मात्र सोडेनात. फाटक, बाग, पाण्याची टाकी, अध्यक्ष, आणि पुन्हा फाटक. आई म्हणाली, “सरकू देत. पण वर्णनाशिवाय एक फोटो चढता कामा नये.” म्हणून मी तसं कुलूपच घातलं. फोटोमागे वर्णन लिहिलं नाही तर साइट तो स्वीकारायचीच नाही. शिवाय नवी सूचना पडली, किंवा फोटो बदलला, की उघडं पान स्वतःहून ते बोलून दाखवेल अशीही सोय केली. “मला शोधायला लावू नका,” आईचं म्हणणं, “आलं की सांगा.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर्णन सक्तीचं केल्यावर इमारतीतल्या साहित्यिकांना कंठ फुटला. जिन्याच्या फोटोसाठी तळमजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, ‘जिना. या वळणावर चपला कोण ठेवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.’ अध्यक्षांनी स्वतःच्या फोटोमागे लिहिलं, ‘इमारतीचे कर्तबगार अध्यक्ष, प्रसन्न मुद्रेत.’

“प्रसन्न?” आई म्हणाली. “मला दिसत होतं तेव्हा तर असं काही नव्हतं.”

मग तिनं मला नियम सांगितला, जणू मी एक्सचेंजमध्ये लागलेली नवी मुलगी होते. “जे दिसतंय ते आधी सांगायचं. मत मागून.”

त्या शेवटच्या दिवशी मी बाग पुन्हा लिहिली. ‘इमारतीमागची बाग. सहा झाडं, एक बाकडं, बाकड्याचा एक पाय विटेवर टेकवलेला.’ आई म्हणाली, “आता बसता येईल.” आमच्या घरात याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नाही. कौतुक हे आमच्याकडे औषधासारखं, दिलंच तर चमच्यानं.

मग मी तिचा फोटो काढला. ज्येष्ठ रहिवाशांच्या पानासाठी हवा होता.

“माझ्यामागे काय लिहिशील?” तिनं विचारलं.

“‘आई’.”

“झालं. पुन्हा बाग.” मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “मी कशी दिसते गं हल्ली?”

“होतीस तशीच.”

“होते ती मला माहीत आहे. आहे ती विचारतेय.”

“उद्या लिहिते नीट. आज डोकं चालत नाही.”

“बरं,” आई म्हणाली, “थांबते मी. जोड.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली, खुर्चीत, झोपेत. त्या दुपारबद्दल मी इथे लिहिणार नाही. ती या गोष्टीत बसत नाही. खरं तर ती कशातच बसत नाही.

*

मावशी सोबतीला येऊन राहिली. ती आईची धाकटी बहीण. तिला कुठल्याही प्रसंगी कपड्यांच्या घड्या घालाव्याशा वाटतात. त्या आठवड्यात तिनं घरातलं सगळं कापड दोनदा घडी केलं, पडदेसुद्धा काढून. आईच्या खोलीचं दार आम्ही लोटून ठेवलं होतं. कुणी ठरवलं नव्हतं, पण उघडत नव्हतो.

एका दुपारी मावशी चादरीचं एक टोक धरून उभी होती, दुसरं माझ्या हातात होतं. बंद दाराआड ‘टक्’ झालं, आणि भराभर बोलण्याचा आवाज आला.

“ताई फोनवर आहे,” मावशी म्हणाली, अगदी सहज. “तिचं होऊ दे, मग...”

मग तिचे हात थांबले. चादर आमच्या दोघींच्या मध्ये तशीच ताणलेली राहिली. आवाज थांबला. कुणी दार उघडायचं, यावर आम्ही न बोलता बराच वाद घातला, आणि मी हरले.

खोली होती तशी होती. खुर्ची खिडकीकडे तोंड करून. उशाशी चार्जरला लावलेला फोन, काळा. मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. तोही, म्हणजे तसं वाटलं खरं.

नंतर काही कामानं खाली निघाले, आणि जिना उतरता उतरता मला उलगडा झाला. निम्मं तर ऐकूच आलं होतं, ‘सूचना, गच्चीचे दार बंद ठेवावे’. आईच्या फोनवर वेबसाइटचं पान उघडं राहिलं होतं. अध्यक्षांनी नवी सूचना टाकली, आणि मीच करून ठेवलेल्या सोयीनं ती बोलली. आलं की सांगा. कारण कळलं की भीती जाते, असं पुस्तकांत असतं. मी पुस्तकांतच काम करते, तरी त्या संध्याकाळी आईच्या खोलीवरून जाताना मी भिंतीच्या बाजूनं चालले.

“मग तार काढून टाक,” मावशी म्हणाली.

“काढते.”

“कधी?”

“काढते म्हटलं ना.”

मी काढली नाही. मावशीनंही काढली नाही, आणि तिचा हात तर माझ्याआधी पोचण्यासारखा होता.

दुर्दैव असं की अध्यक्षांना वेबसाइटचा नाद लागला. साइट अजून लोकांसाठी उघडायची होती, सरकते फोटोही तोवर बंद होते, पण ते सराव म्हणून दिवसाला पाच-पाच सूचना टाकू लागले. टाकी धुणार. टाकी धुतली. धुतलेल्या टाकीत कुणी काही टाकू नये. प्रत्येक वेळी बंद दाराआड ‘टक्’, आणि धान्य ओतल्यासारखा तो आवाज. इमारतीतली प्रत्येक बातमी पहिल्यांदा आमच्या घरात कळायची, आणि सांगणारी खोली रिकामी. मावशीनं टीव्हीचा आवाज कमी ठेवायला सुरुवात केली. मी ग्रंथालयातून लवकर निघू लागले. आम्ही घाबरत होतो की वाट बघत होतो, हे मला नक्की सांगता येणार नाही.

मग तो मंगळवार आला. आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. बाहेर आभाळ भरून खोल्या तांबूस दिसत होत्या. ‘टक्’. आणि या वेळी वाक्य छोटं होतं, म्हणून मलाही सबंध कळलं.

“कुणी आहे का?”

“आहोत,” मावशी म्हणाली.

घास तिच्या हातातच राहिला. मग ती रडू लागली, आणि रडता रडता पानातली भाजी एका बाजूला नीट सारू लागली. मी धावत तळमजल्यावर गेले. काकू संगणकासमोर बसल्या होत्या.

“अगं, हे चालतं का बघत होते,” त्या म्हणाल्या. “लिहिलं, कुणी आहे का. उत्तर काही आलं नाही.”

“आलं होतं,” मी म्हणाले.

मी काकूंना सगळं सांगितलं, आणि तीच माझी घोडचूक. संध्याकाळपर्यंत इमारतीत सल्ले उगवले. खोलीतलं सामान उलटसुलट लावा. फोन तांदळात पुरून ठेवा. हा उपाय भिजलेल्या फोनाचा आहे, असं मी म्हणाले, तर पुढचा सल्ला आला, आधी भिजवा. अध्यक्षांनी वीजमिस्त्री पाठवला. त्यानं आईच्या खोलीची भिंत बोटांनी वाजवली, कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाला, “ओल आहे. ओल आवाज धरून ठेवते, मॅडम.” आणि चहा न घेता गेला. चहा न घेता गेलेला मिस्त्री मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. मला त्याचीच सर्वांत भीती वाटली.

*

साइट लोकांसाठी उघडायची तारीख अध्यक्षांनी जाहीर केली, रविवार दुपार. “तुमच्याच घरी उघडू,” ते म्हणाले. “आईंचं स्वप्न होतं.” आईनं आयुष्यात वेबसाइटचं स्वप्न पाहिलं नव्हतं. पुढे ते म्हणाले, “त्यांचा फोटो पहिल्या पानावर घेऊ. तेवढं वर्णन लिहून द्या.”

तेवढं वर्णन. मी रोज संगणकासमोर बसायचे. ‘संघाच्या ज्येष्ठ सभासद.’ खोडलं. ‘हसतमुख.’ हे मत, आणि तेही खोटं. ‘एका वृद्ध स्त्रीचे छायाचित्र.’ पुन्हा बाग. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जाडजूड पुस्तकांचं सार दोन ओळींत लिहीत आले आहे, आणि इथे एक ओळ जुळेना. जावई रोज विचारत, “वर्णन?” आणि मी म्हणायचे, “उद्या.”

त्यात आणखी एक काशी झाली. साइटचं नाव नोंदवताना मी आईचा फोन नंबर दिला होता. तेव्हा तिचा फोन हाताशी होता, माझा सापडत नव्हता, एवढंच कारण. आता साइट उघडायची तर त्या नंबरवर येणारा गुप्त आकडा भरायला हवा. नंबर बदलून घ्यावा म्हणून मी फोन कंपनीच्या ऑफिसात गेले.

“खातेदारांना स्वतः यावं लागेल,” खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या.

“त्या नाहीत.”

“बाहेरगावी गेल्यात?”

“नाही.”

“मग घरी आहेत?”

“नाहीत.”

“अहो, मग आहेत कुठे?”

कुठली वस्तू कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर, हे सांगण्यावर माझं पोट चालतं. माझ्यामागे रांग होती. कुणीतरी घसा खाकरला. एक शब्द म्हणायचा होता, आणि तो सगळे जण सर्रास म्हणतात. ‘गेली’. मी तो अजून मोठ्यानं म्हटलेला नव्हता.

“सध्या नाहीत,” मी म्हणाले.

“मग आल्या की पाठवा. आणि येताना ओळखपत्र आणायला सांगा.”

मी मान डोलावली. सांगते, असंही म्हणाले. रस्त्यावर आल्यावर मला हसू आलं, आणि हसू पुरतं येण्याआधीच त्याचं दुसरंच काही व्हायला लागलं, म्हणून एका दुकानाच्या काचेतल्या इस्त्र्या बघत उभी राहिले. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, “वाफेची दाखवू?”

तेव्हा एकच मार्ग उरला. आकडा आईच्या फोनवर येईल. पडदा काळा, म्हणजे वाचता येणार नाही. बाई तो बोलून दाखवेल, तेवढ्यात पकडायचा. शनिवारी मी संगणकावर बटण दाबलं आणि आईच्या खोलीत धावले. मावशी पेन्सिल घेऊन उशाशी वाकली होती. ‘टक्’. भुर्रकन् धान्य ओतलं गेलं.

“सात... की साठ? पुढे काय? ताई एवढ्या घाईनं का बोलते गं!”

“ती ताई नाही मावशी.”

“माहितेय मला.”

दुसऱ्यांदाही हुकलं. तिसऱ्या वेळी मी वैतागून फोन उचलला, आणि तिथेच चुकले, कारण त्या काळ्या काचेवर कुठेही बोट लागलं की तो काहीतरी बोलतो, काहीतरी उघडतो. आई त्यावर बोटं फिरवायची ती पेटी वाजवल्यासारखी. माझ्या हातात तो पकडलेल्या पाखरासारखा फडफडला. बाईचा वेग एकाएकी उतरला. कुठल्या बोटानं उतरला, मला आजही माहीत नाही. ती आता सावकाश, शब्द सुटा सुटा करत बोलू लागली, समोरच्याला कसली घाई नाही हे ठाऊक असल्यासारखी. त्या तिन्हीसांजेच्या खोलीत आम्ही दोघी खिळून उभ्या राहिलो, आणि ती आईनं साठवलेली नावं वाचत गेली.

“अध्यक्ष. लांबण लावतात.”

“तळमजला. मनानं बरी.”

“बहीण. आधी रडते, मग सांगते.”

मावशीनं नाक ओढलं.

“लेक. बोलत नाही, येते.”

मी फोन उशीवर ठेवला. तो हातातून पडला असं मावशी म्हणते, पण मी ठेवला. थोड्या वेळानं आम्ही पुन्हा आकडा मागवला. बाईनं तो एकेक अंक सोडत इतका स्वच्छ सांगितला की मावशीनं खाली रेघसुद्धा ओढली. मग मी चाचपडत चाचपडत तो फोन परत वेबसाइटच्या पानावर आणून ठेवला. का, ते विचारू नका. वर्णन तेव्हाही लिहिलं नाही.

*

रविवारी दुपारी पुढची खोली भरली. दारात चपलांचा ढीग. अध्यक्ष कोट घालून आले होते. काकूंनी आल्या आल्या आतल्या दाराकडे पाहून खुर्ची दोन हात लांब सरकवली. आभाळ इतकं भरून आलं होतं की भरदुपारी दिवा लावावा लागला.

“वर्णनाचं राहिलं,” मी जावयांना हळूच म्हणाले. “आईचा फोटो आज नको. नंतर घालू.”

“घातलाय मी,” ते म्हणाले. “तुमचं ते कुलूप आतून काढलं. आज त्या नाहीत असं व्हायला नको ना.”

माणूस चांगला आहे. चांगल्या माणसांवर ओरडता येत नाही, हीच त्यांची अडचण असते. मी काही म्हणणार तोच अध्यक्षांनी भाषण सुरू केलं, ते बरंच चाललं, आणि शेवटी त्यांनी तर्जनी उंच उचलून बटण दाबलं. टाळ्या. पडद्यावर फाटकाचा फोटो आला.

टाळ्या थांबल्या, त्या क्षणी आतून ‘टक्’ झालं.

“चित्र,” बंद दाराआडून आवाज आला. सावकाश, स्वच्छ. “इमारतीचं फाटक. लोखंडी. उजवी बाजू गंजलेली.”

जावयांचे खांदे वर गेले ते तिथेच राहिले. पडद्यावरचा फोटो सरकला.

“चित्र. इमारतीमागची बाग. सहा झाडं, एक बाकडं, बाकड्याचा एक पाय विटेवर टेकवलेला.”

“बाई गं,” काकू म्हणाल्या. त्यांनी शेजारच्या माणसाचा हात धरला. तो त्यांच्याशी पार्किंगवरून वर्षभर बोलत नव्हता. त्यानं तो धरू दिला.

“चित्र. पाण्याची टाकी. झाकण लावलेलं.”

“चित्र. इमारतीचे कर्तबगार अध्यक्ष, प्रसन्न मुद्रेत.”

अध्यक्ष कोटाची बटणं चाचपत उभे होते. त्यांच्या मुद्रेबद्दल मी बोलत नाही. मग फोटो सरकला आणि पडद्यावर आई आली. मी तो फोटो काढल्यापासून पाहिला नव्हता. मी वर्णन लिहायला बसायचे ती कोऱ्या चौकटीकडे बघत.

मग बाई म्हणाली, “चित्र. वर्णन नाही.”

पुन्हा फाटक आलं. पुन्हा बाग, टाकी, अध्यक्ष. सगळे जण पडद्याकडे नव्हे, दाराकडे बघत होते.

“चित्र. वर्णन नाही.”

तिसऱ्या फेरीला माणसं उठली. कुणालाच काही आठवलं नाही असं नव्हे, सगळ्यांनाच काही ना काही आठवलं. गॅसवर दूध, येणारे पाहुणे. जिन्यात चपलांची इतकी अदलाबदल झाली की पुढच्या आठवड्यात अध्यक्षांना त्याच विषयावर सूचना काढावी लागली. स्वतः अध्यक्ष दाराशी थांबून बंद खोलीच्या दिशेनं अर्धवट वाकले, आणि गेले. जावई तेवढे राहिले. त्यांचा चेहरा त्यांच्या पहिल्या अक्षरांइतका फिकट झाला होता.

“मी फोटो काढून टाकू का?” त्यांनी विचारलं. “लगेच निघेल. मग ते... थांबेल.”

मावशी माझ्याकडे बघत होती. आत ‘टक्’ झालं.

“नको,” मी म्हणाले. “थांबा. जोडते.”

हे मी म्हणाले हे मला नंतर मावशीनं सांगितलं.

मी आत गेले आणि दार लोटून घेतलं. खोलीत दिवा लावला नाही. आईच्या खुर्चीत बसले नाही, पलंगाच्या कडेला बसले, फोनजवळ. बाग झाली. टाकी झाली. अध्यक्ष झाले. काळ्या काचेत माझंच तोंड अंधुक दिसत होतं.

“चित्र,” बाई म्हणाली, “वर्णन नाही.”

“आहे,” मी म्हणाले. “आहे. लिहिते नंतर. आधी ऐक. चित्रात एक बाई आहे. खिडकीपाशी, खुर्चीत. केस सगळे पांढरे. भांग वाकडा आहे, बोटानं चाचपून पाडलाय म्हणून. निळा स्वेटर, बटणं एका घरानं चुकलेली, त्यामुळे एक कॉलर वर. डाव्या गालावर तीळ आहे तो तसाच आहे. कपाळावर मधे एक आठी आहे, ती रागाची नाही, ऐकतानाची आहे. हात मांडीवर आहेत, आणि त्यातलं एक बोट उचललेलं आहे, कुणाला तरी थांबवल्यासारखं. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. थोडी बाजूला बघतेय. कॅमेरा मी हात लांब करून धरला होता, आणि तिनं तोंड केलंय ते माझ्या आवाजाकडे.”

फोटो सरकला असावा. बाई फाटकाबद्दल काहीतरी बोलू लागली. मी थांबले नाही.

“हे झालं दिसतंय ते. आता मत. आई, तू गेलीस. आणि तू सुंदर दिसतेस.”